हँगरमधला डोक्यावरचा भार: मोजायचा कसा, उतरवायचा कसा

विमान देखभालीचा हँगर, पहाटेचे पावणेचार. इंजिनाचं काऊल, म्हणजे वरचं झाकण, उघडं आहे आणि तंत्रज्ञ स्टँडवर उभा राहून एका फ्लँजचे (जोडाच्या कडेचे) बोल्ट टॉर्क करतो आहे, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळतो आहे. एकूण चोवीस. चौदावा झाला आणि खिशातला फोन वाजला. प्लॅनिंगवरून विचारणा, "साडेपाचला विमान सुटेल ना?" "बघून सांगतो, सर." फोन ठेवतो न ठेवतो तोच खालून हाक आली, "अरे, त्या पॅनेलचे स्क्रू कुठल्या पिशवीत टाकलेस?" त्यात दोन मिनिटं गेली. परत वळला तेव्हा रेंच हातात होता, पण चौदा झाले होते की पंधरा, हे काही केल्या आठवेना. हाताने आवळलेला बोल्ट आणि टॉर्क केलेला बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात.

या माणसाला 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणून काय होणार? भिंतीवर ताणमुक्तीचं पोस्टर लावूनही काही होत नाही. विमान देखभालीतल्या ताणावर बोलणं सुरू झालं की गाडी फार लवकर प्राणायाम, आहार आणि सकारात्मक विचारांवर जाते. त्या गोष्टी वाईट नाहीत, पण फोन कुणी केला, त्या वेळी का केला आणि पॅनेलच्या पिशवीवर लेबल का नव्हतं, हे प्रश्न तसेच राहतात. डोक्यावरचा भार ही मनुष्यतासांसारखीच मोजायची आणि आखायची गोष्ट आहे, असं धरून हे मार्गदर्शन लिहिलं आहे. ते मुख्यतः शिफ्ट इन-चार्ज आणि प्लॅनिंगवाल्यांसाठी आहे, पण यातल्या बऱ्याच गोष्टी एकटा तंत्रज्ञही उद्याच्या पाळीपासून करू शकतो.

१. आधी भार आणि ताण वेगळे करा

एखादं काम त्या घडीला डोक्याकडून किती मागतं, तो मानसिक भार. मॅन्युअलमधलं पान, मोजमाप, आधीची पायरी, पुढची पायरी, सोबत कोण काय करतो आहे, हे सगळं एकाच वेळी धरून ठेवायचं असतं. कामापुरत्या स्मृतीत एका वेळी चारेक गोष्टीच नीट टिकतात. पाचवी आली की एखादी गळते, आणि कोणती गळली हे गळताना कळत नाही.

ताण ही पुढची अवस्था. मागणी आवाक्याबाहेर चालली आहे आणि ती थांबवणं आपल्या हातात नाही, अशी स्थिती रोजची झाली की शरीरावर आणि मनावर जे साचतं, तो ताण. भार पाळी संपली की उतरतो, ताण माणसाबरोबर घरी जातो. भारावरचा उपाय कामाच्या मांडणीत सापडतो. ताणासाठी मांडणीबरोबर अधिकार, कदर आणि सुरक्षितता यांच्याकडेही पाहावं लागतं. दोन्ही एकच समजले की उपाय हमखास चुकीच्या जागी लागतो.

भार कमी असणंही धोक्याचं आहे, ही गोष्ट मात्र सहसा सुटते. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना एका काट्याच्या हालचालीवर लक्ष ठेवायला बसवलं होतं. काटा अधूनमधून नेहमीपेक्षा दुप्पट उडी मारायचा, तेवढीच हेरायची. पहिल्या अर्ध्या तासातच हुकणाऱ्या उड्या वाढल्या. टॉर्च घेऊन रिव्हेटांच्या शेकडो रांगा बघत जाणाऱ्याचं काम अगदी याच जातीचं आहे. एप्रिल १९८८ मध्ये हवाई बेटांवर एका बोइंग ७३७ च्या छताचा मोठा भाग उड्डाणात उडून गेला आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. देखभालीत तिथल्या भेगा आणि निखळलेले जोड सापडायला हवे होते, ते सापडले नाहीत. चौकशी अहवालाने तपासणी करणाऱ्यांच्या परिस्थितीचीही दखल घेतली: रात्रीची वेळ, कंटाळवाणं काम, दोराला बांधून विमानाच्या पाठीवर चालत बघणं.

म्हणून लांबलचक तपासणी वीस ते तीस मिनिटांच्या तुकड्यांत वाटा. मध्ये वेगळ्या प्रकारचं काम द्या किंवा माणूस बदला. हा बदल फुकटात होतो, फक्त प्लॅनमध्ये लिहावा लागतो.

२. दोन आठवडे नुसती नोंद करा

काहीही बदलण्याआधी दोन आठवडे बघा. प्रत्येकाला खिशात मावेल असा एक कागद द्या. त्यावर नाव नको. कामाचा प्रकार, सुरू केल्याची वेळ, आणि चार रकाने: कुणी अडवलं, काहीतरी शोधावं लागलं, थांबून राहावं लागलं, पायरी पुन्हा करावी लागली. प्रत्येक वेळी एक रेघ. शेरा लिहायची गरज नाही, रेघा पुरतात.

या नोंदी टास्क कार्डाच्या मागे करू नका. टास्क कार्ड, म्हणजे कामाच्या पायऱ्या आणि सह्या असलेलं कार्ड, हा अधिकृत दस्तऐवज आहे. त्यावरच्या खासगी रेघोट्या उद्या ऑडिटमध्ये दिसल्या की हा सगळा उपक्रम तिथेच मेला म्हणून समजा.

दोन आठवड्यांनी रेघा एकत्र मांडल्या की चित्र बहुधा अनपेक्षित निघतं. लोकांना वाटत असतं की सगळ्यात डोकं खाणारं काम म्हणजे अवघड बिघाड शोधणं. पण बिघाड शोधण्यात एक गोडी असते, त्यात माणूस रमतो. रेघा जास्त पडतात त्या स्टोअरच्या खिडकीपाशी, मॅन्युअल उघडायला तीन जणांत एकच संगणक असतो तिथे, आणि जी शिडी नेहमी दुसऱ्याच बेमध्ये (विमान उभं करायच्या जागेत) सापडते तिच्यापाशी.

३. सहा प्रश्नांनी भार मोजा

मोजण्यासाठी नवं काही शोधायला नको. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ साली मांडलेली नासा-टीएलएक्स ही पद्धत आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. तिला कागद-पेन पुरतं. काम संपल्या संपल्या माणसाने सहा गोष्टींना ० ते १०० मध्ये, पाचाच्या टप्प्यांनी, गुण द्यायचे: डोक्याला किती लावावं लागलं, शरीराला किती, वेळेची घाई किती होती, काम कितपत जमलं, मेहनत किती पडली आणि वैताग किती आला. चौथ्या प्रश्नात घोळ होतो, तिथे लक्ष द्या. या पट्टीवर 'उत्तम जमलं' हे टोक शून्याकडे असतं आणि 'अजिबात जमलं नाही' हे शंभराकडे. पहिल्यांदा भरणारे बरेच लोक ते उलटं भरतात.

पुढे हवं तर वजनं काढायची. सहा गोष्टींच्या एकूण १५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत या कामात कशामुळे जास्त भार वाटला, ते निवडायचं. जी गोष्ट जितक्या वेळा निवडली गेली, तितकं तिचं वजन.

उदाहरणादाखल एक कागद घेऊ. काम रात्रीच्या बोअरस्कोप तपासणीचं, म्हणजे बारीक कॅमेऱ्याचा प्रोब घालून इंजिन आतून बघण्याचं. गुण असे: डोकं ८०, शरीर ३५, घाई ७५, कामगिरी ४०, मेहनत ७०, वैताग ८५. बेरीज ३८५, सहाने भागले की साधी सरासरी ६४. आता वजनं: वैताग ५, डोकं ४, घाई ३, कामगिरी २, मेहनत १, शरीर ०. गुण आणि वजन यांचा गुणाकार करून बेरीज ११२०, पंधराने भागले की जवळपास ७५. दोन आकड्यांत एवढा फरक का? कारण या माणसाला सगळ्यात जास्त जे खुपलं, ते वजन देताना वर आलं. तपासणी अवघड होतीच, पण वैताग तिच्याही वर आहे. आता त्याला जाऊन विचारा, वैताग कशाचा? उत्तर बहुतेक वेळा इंजिनाबद्दल नसतं. प्रोबची बॅटरी अर्ध्यात संपली, चार्जर दुसऱ्या पाळीच्या कपाटात कुलूपबंद, किल्लीवाला जेवायला गेलेला. एक जादा चार्जर आणून ठेवला की तो आकडा खाली येतो.

वजनांचा खटाटोप नको असेल तर साधी सरासरी चालते, बरेच संशोधकही तेवढ्यावरच काम भागवतात. पण दोन पथ्यं पाळा. एक, कामाची कामाशी तुलना करा, दिवसाची रात्रीशी करा, पण माणसाची माणसाशी कधीच नको. कुणाचा आकडा जास्त म्हणून तो कच्चा, असं एकदा जरी कुणी बोललं तरी पुढच्या महिन्यापासून सगळे ५० लिहून मोकळे होतील. दुसरं, पाळी संपल्यावर एकदम पाच कामांचे गुण मागू नका. तेव्हा माणसाला फक्त शेवटचं काम आठवतं.

४. ताणासाठी वेगळे प्रश्न विचारा

नोकरीतला ताण समजून घ्यायला दोन जुन्या मांडण्या फार कामाच्या आहेत. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली असं मांडलं की मागणी जास्त आणि काम कसं करायचं यावर अधिकार कमी, हे दोन्ही एकत्र आले की माणूस पिचतो. योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ साली दुसरी बाजू दाखवली: जीव ओतून काम केलं आणि त्या मानाने पैसा, मान, बढती किंवा नोकरीची शाश्वती मिळाली नाही, की ताण साचतो.

हँगरमधली नोकरी दोन्ही चौकटींत अडकते. पद्धत ठरवण्याचा अधिकार तंत्रज्ञाला जवळपास नसतोच, मॅन्युअल सांगेल तसंच करायचं, आणि ते बरोबरही आहे. मग मोकळीक उरते ती कामाच्या क्रमात, जोडीदार निवडण्यात, विश्रांती कधी घ्यायची यात. नेमकी तीच आपण काढून घेतो. आणि कदर? विमान वेळेवर सुटलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. उशीर झाला की उशिराचा कोड देखभालीच्या नावावर. चांगलं काम अदृश्य राहतं आणि चूक सहीसकट कागदावर उरते.

म्हणून कागदावर हे प्रश्न टाका, उत्तरं निनावी घ्या: आज कामाचा क्रम तुम्ही ठरवलात का? घाई आहे म्हणून एखादी पायरी उरकावी लागेल असं वाटलं का? 'हे आज होणार नाही' असं म्हणायची सोय होती का? गेल्या महिन्यात तुमच्या कामाबद्दल कुणी काही चांगलं बोललं का? घरी गेल्यावर 'ते मी नीट लावलं ना' हा विचार किती वेळा आला? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात बोलका वाटतो. एखाद्या रात्री तो विचार येणं हे सावधपणाचं लक्षण म्हणता येईल. रोज यायला लागला तर काहीतरी बिघडलं आहे.

५. पाळीचं वेळापत्रक दुरुस्त करा

रात्री दोन ते सहा या वेळात शरीराचं तापमान आणि सावधपणा, दोन्ही तळाला असतात. कितीही वर्षं रात्रपाळी केली तरी हे पूर्ण बदलत नाही. त्यात जागरणाची भर पडते. १९९७ साली डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते. सकाळी नऊला उठलेला आणि दुपारी न झोपलेला माणूस पहिल्या रात्रपाळीला आला, तर रात्री दोनला त्याचे १७ तास भरतात. प्यायलेल्या माणसाला आपण हँगरच्या दारातूनच परत पाठवू, याला मात्र शेपटीवरच्या रडरचं काम देतो.

वैमानिकांच्या उड्डाण-तासांना जगभर काटेकोर मर्यादा आहेत. देखभालीत तसं नाही. अमेरिकेच्या नियमात एअरलाइनच्या देखभाल कर्मचाऱ्याला सात दिवसांत सलग २४ तास मोकळे द्यावेत, किंवा महिन्याच्या हिशेबात तेवढेच भरून द्यावेत, एवढंच म्हटलं आहे. युरोपच्या पार्ट-१४५ मध्ये, म्हणजे देखभाल संस्थांसाठीच्या नियमांत, कामाची आखणी करताना माणसाच्या क्षमतेच्या मर्यादा लक्षात घ्या असं आहे, पण तासांचा आकडा नाही.

आकडे हवे असतील तर ब्रिटनच्या नागरी उड्डयन प्राधिकरणासाठी सायमन फोकार्ड यांनी केलेल्या शिफारशी घ्या. त्या साध्या आहेत: पाळी १२ तासांपेक्षा मोठी नको, ओव्हरटाइम धरून १३ तासांच्या वर नको, दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास, आणि विश्रांतीशिवाय सलग चार तासांपेक्षा जास्त काम नको. विश्रांती किती, तर किमान १० मिनिटं आणि काम केलेल्या प्रत्येक तासामागे आणखी ५. म्हणजे चार तासांनंतर अर्धा तास. तुमच्या गेल्या तीन महिन्यांच्या हजेरीवर ही फूटपट्टी लावून बघा. ११ तासांचा नियम कुठे मोडतो ते शोधायला फार वेळ लागणार नाही, पाळी बदलण्याच्या दिवशी नक्की सापडेल.

प्लॅनिंगसाठी आणखी दोन गोष्टी. फ्लाइट कंट्रोलचं रिगिंग (विमान वळवणाऱ्या भागांची जुळणी), इंजिन बदलणं असली नाजूक कामं पहाटे तीन ते पाचच्या पट्ट्यात ठेवू नका. तो वेळ सर्व्हिसिंगला, सफाईला, सामान लावायला द्या. आणि कार्डावर लिहिलेले मनुष्यतास दिवसाउजेडी, सगळं सामान हाताशी असताना धरलेले असतात. रात्रीच्या प्लॅनमध्ये तोच आकडा जसाच्या तसा उचलला की घाई आपण स्वतःच तयार केली.

पाळीत डुलकीची सोय करता आली तर वीस मिनिटांची ठेवा. त्याहून लांबली की उठल्यावर बराच वेळ डोकं जड राहतं. डुलकीनंतर पंधरा-वीस मिनिटं सही किंवा तपासणीचं काम नको. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, पहाटे पाचचा कप सकाळची झोप खातो.

६. मध्येच अडवण्याला नियम लावा

सुरुवातीच्या चौदाव्या बोल्टाकडे येऊ. गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ साली ट्रान्सपोर्ट कॅनडात असताना देखभालीतल्या चुकांमागची जी बारा कारणं मांडली, ती 'डर्टी डझन' म्हणून आज प्रत्येक हँगरच्या भिंतीवर असतात. त्यात लक्ष विचलित होणं आहे, दबाव आहे, थकवा आहे आणि ताणही आहे. भिंतीवर आहेत म्हणूनच कुणी वाचत नाही. त्याऐवजी एक नियम राबवा.

टॉर्क, लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार), रिगिंग, तपासणी आणि सही, ही पाच कामं चालू असताना त्या माणसाशी कुणीही बोलायचं नाही. स्टँडला एक रंगीत पट्टी बांधली की ती खूण. त्याचा फोन पाळी-टेबलावर राहील, निरोप इन-चार्ज घेईल. आग, इजा किंवा विमानाला तात्काळ धोका एवढेच अपवाद. 'फक्त एक मिनिट' हा अपवाद नाही.

तरीही अडथळा येणारच. तेव्हा काम सोडण्याआधी खूण सोडा: झालेल्या बोल्टावर टॉर्क सीलचा रंग त्याच वेळी लावा, सगळे झाल्यावर एकदम नको. अर्धवट जोड दिसेल असा ठेवा, त्यावर टॅग लावा. परत आल्यावर जिथे सोडलं असं वाटतं तिथून तीन पायऱ्या मागे जाऊन सुरू करा. आमच्या तंत्रज्ञाच्या बाबतीत, रंग लावलेला नसेल तर पहिल्या बोल्टापासून, मॅन्युअल त्या जोडासाठी सांगतं त्या पद्धतीने. वीस मिनिटं जातील. ही वीस मिनिटं मागताना त्याला संकोच वाटणार असेल, तर दोष नियमात नाही, इन-चार्जमध्ये आहे.

७. पाळीबदल समोरासमोर, विमानाजवळ

सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ एक एम्ब्राएर ब्राझिलिया विमान हवेतच तुटलं. १४ जण गेले. आडव्या शेपटीच्या डाव्या बाजूच्या पुढच्या कडेवरचे वरचे ४७ स्क्रू जागेवर नव्हते. आदल्या रात्री डी-आयसिंग बूट (कडेवरचा बर्फ फोडणारं रबरी आवरण) बदलायचं काम निघालं होतं, संध्याकाळच्या पाळीने दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढले आणि मग पाळी बदलली. पुढच्या पाळीने फक्त उजव्या बाजूचं काम पूर्ण केलं. चौकशीतला एक तपशील मला विसरता येत नाही. येणारा निरीक्षक वेळेच्या आधी पोहोचला आणि त्याने हँडओव्हरचा कागद वाचला. जाणाऱ्या निरीक्षकाने आपली नोंद केली ती त्यानंतर.

दोघेही आपापल्या परीने काम करत होते. पण ते एकाच वेळी एकाच जागी उभे नव्हते.

म्हणून पाळ्या वीस-तीस मिनिटं एकमेकांवर चढवा. हा वेळ पगारी असला पाहिजे, नाहीतर लोक तो देणार नाहीत आणि दिला नाही तर त्यांची चूकही नाही. हँडओव्हर ऑफिसात बसून नको. दोघं विमानाभोवती चालत जा, काढलेल्या प्रत्येक पॅनेलपाशी थांबा. जाणाऱ्याने काय झालं हे सांगण्याआधी काय उरलं ते सांगावं. जे कार्डावर नाही पण उघडलं आहे, ते सगळ्यात आधी. येणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवावं. कागद त्यानंतर भरायचा, आणि सही दोघांची.

याचा ताणाशी काय संबंध, असं वाटेल. घरी जाऊन 'ते सांगायचं राहिलं का' म्हणून जागणाऱ्या माणसांना विचारा. नीट दिलेला हँडओव्हर म्हणजे डोक्यातलं ओझं रीतसर खाली ठेवणं.

८. दबावाला शब्द द्या

दबाव क्वचितच हुकूम म्हणून येतो. तो प्रश्न म्हणून येतो. 'अजून किती वेळ?' दर पंधरा मिनिटांनी विचारलं की त्याचा अर्थ 'उरक' असाच होतो.

जून १९९० मध्ये ब्रिटनमधल्या एका बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर खेचले गेले. ते वाचले, केबिन क्रूने त्यांना धरून ठेवलं म्हणून. काचेच्या ९० बोल्टांपैकी ८४ कमी जाडीचे आणि ६ कमी लांबीचे होते. माणसं कमी होती म्हणून रात्री शिफ्ट मॅनेजरने स्वतः काच बदलायला घेतली. जुन्या बोल्टाशी नवे नुसत्या नजरेने जुळवले. स्टोअरमधल्या माणसाने योग्य बोल्टाचा क्रमांक सांगितला होता, तरी त्यांनी आपलंच खरं मानलं. काम त्यांचं, सहीही त्यांचीच, आणि दुसऱ्याने तपासावं अशी त्या कामाला अटच नव्हती. अनुभवी माणूस होता. माणसं कमी असली की आपण अनुभवी माणसाकडेच सगळ्यात जास्त भार सरकवतो, कारण तो कुरकुर करत नाही.

यातून दोन नियम. पाळी चालवणाऱ्याने नाजूक काम स्वतःच्या हातात घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर पाळी दुसऱ्याकडे सोपवायची, आणि नियम मागत नसला तरी दुसऱ्या पात्र माणसाकडून तपासून घ्यायचं.

तंत्रज्ञासाठी तयार वाक्य असलं पाहिजे, कारण पहाटे चारला नवीन वाक्य सुचत नाही. काय दिसतं, काय हवं, किती वेळ, या क्रमाने:

"सर, बोल्टांचा क्रम माझ्या डोक्यातून सुटलाय. पहिल्यापासून टॉर्क करतोय. पावणेपाचपर्यंत होईल. तोवर मी फोन घेणार नाही."

यात माफी नाही, तक्रार नाही. इन-चार्जचं उत्तरही ठरलेलं असावं: "ठीक. मी प्लॅनिंगला कळवतो." प्लॅनिंगला वेळ कळवणं हे त्याचं काम आहे, स्टँडवरच्या माणसाचं नाही. पाळीच्या सुरुवातीच्या बैठकीत हे दोन्ही संवाद एकदा मोठ्याने म्हणून घ्या. हसू येईल, येऊ द्या.

९. सांगायला जागा ठेवा

चूक होता होता राहिली, हे सांगणाऱ्याला शिक्षा झाली की पुढची दहा वर्षं कुणी बोलत नाही. अमेरिकेत १९७६ पासून नासा चालवत असलेली एएसआरएस ही गोपनीय अहवाल व्यवस्था देखभाल कर्मचाऱ्यांकडूनही अहवाल घेते. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चिर्प ही तशीच व्यवस्था आहे. चौकशीसाठी बोइंगने तयार केलेली मेडा ही पद्धत वापरता येईल. ती चूक कुणाची यावर न थांबता, त्या चुकीला कशाने हातभार लावला ते विचारत जाते: कार्ड अस्पष्ट होतं का, उजेड होता का, हत्यार योग्य होतं का.

जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा वेगळा, त्याला माफी नको. पण दोन्हींमधली रेघ घटना घडण्याआधी लिहून ठेवा. घडल्यावर ओढलेली रेघ नेहमी कुणाच्या तरी सोयीची असते.

१०. माणसाकडे बघा

मांडणी सुधारली तरी काही ताण उरतो आणि काही जण आधीच खचलेले असतात. लक्षणं हँगरमध्ये वेगळ्या रूपात दिसतात. लावलेलं पॅनेल पुन्हा उघडून बघणं, सही करायला घाबरणं किंवा उलट न बघताच सही करणं, हत्यारांची मोजणी चुकायला लागणं, नेहमी चेष्टा करणारा गप्प होणं, सुट्टीच्या दिवशीही झोप न लागणं. यातल्या दोन-तीन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाणं योग्य. जगणं नकोसं वाटतं असं कुणी बोललं, अगदी हसत बोललं, तरी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवून द्या.

युरोपात वैमानिकांसाठी २०२१ पासून सहकाऱ्यांच्या आधाराची योजना उपलब्ध असणं बंधनकारक आहे. तो नियम देखभालीला लागू नाही, पण नियम येईपर्यंत थांबायचं कारणही नाही. दोन-तीन विश्वासू सहकारी निवडा, त्यांना ऐकून कसं घ्यायचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं याचं प्रशिक्षण द्या. ते साहेबांच्या पदावरचे नसावेत. एखाद्या घटनेनंतर ज्याची सही होती, त्याला पहिल्या दिवशीच एकाने जाऊन भेटावं. त्या दिवशी त्याच्याशी बोलणारे फक्त चौकशीवालेच असतात.

तीन महिन्यांनी परत मोजा

एकाच वेळी दोनच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. समजा, रंगीत पट्टी आणि जादा चार्जर. तीन महिन्यांनी त्याच कामांचे, त्याच पाळीतले सहा गुण पुन्हा घ्या आणि रेघांचे कागदही एक आठवडा परत वाटा. डोक्याच्या मागणीचा आकडा फारसा हलणार नाही, बोअरस्कोपचं काम अवघडच राहणार आहे. घाईचा आणि वैतागाचा आकडा बघा. तो खाली आला असेल तर आकडे फलकावर लावा आणि खाली लिहा, कुणाच्या सूचनेवरून काय बदललं. हलला नसेल तर तेही लावा, आणि पुढच्या पाळीला विचारा की कागदावर न आलेलं काय आहे.